बिबट्या उचलला तरी जागा रिकामी राहत नाही

गेल्या अंकात मी लिहिलं होतं की कुठल्याही प्राण्याची एखाद्या भागातली संख्या फक्त चार गोष्टींनी बदलते, जन्म, मरण, बाहेरून येणं आणि बाहेर जाणं, पाचवी गोष्ट नाहीच. त्यावर भरपूर पत्रं आली, काही चिडलेली, काही फार मनापासून लिहिलेली. सगळ्यांना इथे उत्तर देणं जमणार नाही. जुन्नरच्या पत्राला मुद्दाम जास्त जागा दिलीय, कारण तिथे हा विषय पुस्तकातला राहिलेला नाही, रोज संध्याकाळी अंगणात उभा असतो.

महाराष्ट्रात ४४४ वाघ आहेत असं वाचलं. जंगलात हिंडणारं जनावर इतकं नेमकं मोजतात तरी कसं? अंदाज असेल तर ४५० का नाही म्हणत? (एक वाचक, नागपूर)

तुमची शंका बरोबर आहे, तो अंदाजच आहे, पण हवेतला नाही. २०२२ च्या व्याघ्रगणनेत देशाचा आकडा सरासरी ३,६८२ आणि किमान ३,१६७ असा दिला होता, म्हणजे सरकारनेच इतक्यापासून इतक्यापर्यंत असा एक टप्पा सांगितला होता, पण बातमीत एकच आकडा मोठ्या अक्षरात येतो आणि तोच लोकांच्या लक्षात राहतो. त्या वेळी देशभर कॅमेरे लावून ३,०८० वेगवेगळे वाघ फोटोत ओळखले गेले. वाघाचे पट्टे आपल्या बोटांच्या ठशांसारखे, दोन वाघांचे सारखे नसतात, आणि एकाच वाघाची डावी आणि उजवी बाजूही वेगळी असते म्हणून पायवाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे बांधावे लागतात.

आता जे वाघ फोटोत आलेच नाहीत त्यांचं काय, खरी गंमत तिथेच आहे, आणि ती घरी करून बघता येते. एक मोठा डबा घ्या, त्यात न मोजता काबुली चणे ओता. त्यातले ४० काढून त्यांच्यावर मार्करने ठिपका द्या, परत डब्यात टाका आणि चांगलं हलवा. आता डोळे मिटून ५० काढा. समजा त्यात ठिपक्याचे ८ निघाले. म्हणजे ५० मध्ये ८, तर मग डब्यातल्या सगळ्यांमध्ये ४० हे तितक्याच प्रमाणात असणार, ४० गुणिले ५० भागिले ८, उत्तर २५०. मग सगळे चणे मोजून बघा, २५० च्या आसपास निघतील, अगदी तेवढेच निघणार नाहीत, आणि दर वेळी उत्तर थोडं इकडेतिकडे होईल. आकड्याबरोबर टप्पा का सांगायचा असतो ते तेव्हा आपोआप कळतं.

डेन्मार्कच्या कार्ल पीटर्सनने १८९० च्या दशकात चपट्या समुद्री माशांना बिल्ले लावले, ही पद्धत त्या कामातून पुढे आली. आपल्याकडे वाघांचे अभ्यासक उल्हास कारंथांनी १९९० च्या दशकात कर्नाटकातल्या नागरहोळेला कॅमेऱ्यात आलेले पट्टे हाच ठिपका धरून ती वाघांना लावली. त्याआधी पायाच्या ठशांवरून मोजायचे, काचेवर ठसा गिरवायचा, प्लास्टर ओतायचं, आणि अनुभवी गार्ड सांगणार हा अमका वाघ. मेहनत खरी होती, पण चूक किती ते कळायला काही मार्ग नव्हता. २००४-०५ मध्ये राजस्थानातल्या सरिस्काच्या जंगलात एकही वाघ उरला नसल्याचं उघड झालं आणि मग पद्धत बदलली. चण्यांच्या डब्यात दोन गोष्टी मात्र गृहीत धरलेल्या असतात, मधल्या काळात कोणी आत आलं नाही की बाहेर गेलं नाही, आणि प्रत्येक चणा हाताला लागण्याची शक्यता सारखीच. जंगलात दोन्ही पूर्ण खऱ्या नसतात, एखादी वाघीण रोज त्याच वाटेने जाते, एखादा नर कॅमेरा दिसला की वाट सोडतो. हे हिशोबात कसं घ्यायचं यावर माणसं आयुष्य घालवतात.

आमच्याकडे बिबट्यांनी जगणं मुश्कील केलंय. पोरांना शाळेतून एकटं येऊ देता येत नाही, रात्री मोटर चालू करायला जायचं तर जीव मुठीत धरून. पिंजरे लावतात, एक पकडतात, महिन्याभरात दुसरा येतो. सगळे उचलून लांब जंगलात का सोडत नाहीत? शहरात बसून बिबट्या वाचवा म्हणणं सोपं आहे. (शेतकरी, जुन्नर तालुका, जि. पुणे)

दादा, तुमचं शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. ज्याच्या घरातलं माणूस गेलं किंवा ज्याच्या गोठ्यातून शेळी गेली त्याला कोणी शिकवायला जाऊ नये, आणि मी ते करत नाहीये. पण तुम्ही जो उपाय म्हणताय तो तुमच्याच तालुक्यात करून झालाय आणि त्याने तुमच्याच लोकांचं नुकसान झालं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

२००१ पासून दोन-अडीच वर्षं जुन्नर भागात मोठ्या प्रमाणावर बिबटे पकडले आणि त्यातले बरेच आसपासच्या जंगलांत नेऊन सोडले. बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नंतर त्याचा हिशोब मांडला, तो २०११ मध्ये छापून आला. आधीच्या वर्षांत माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ च्या घरात होते, सोडासोडी सुरू झाल्यावर ते १७ च्या घरात गेले. कमी व्हायच्या ऐवजी चौपट. याचं कारण चार गोष्टींच्या हिशोबातच आहे.

बिबट्या म्हणजे डब्यातला चणा नाही, त्याला त्याची जागा असते. एका नराचा एक पट्टा, त्यात दोन-तीन माद्यांचे छोटे पट्टे, आणि कडेला नेहमी दोन-अडीच वर्षांची वयात आलेली पोरं जागा शोधत फिरत असतात. तुम्ही जुना जाणता नर उचलला की पट्टा मोकळा झाला, आणि कडेला थांबलेली दोन-तीन तरुण बिबटे आत घुसणार. जुन्याला माहीत होतं कुठल्या वस्तीवर किती वाजता माणसं फिरतात, कुठल्या बांधावरून गुपचूप जायचं, नव्याला यातलं काहीच माहीत नाही, तो घाबरलेला आणि भुकेला. म्हणजे मरण वाढवलंत किंवा बाहेर जाणं वाढवलंत तर बाहेरून येणं लगेच वाढतं आणि आकडा जिथे होता तिथेच राहतो. महिन्याभरात दुसरा येतो असं तुम्ही लिहिलंय, या शास्त्रातला एक मोठा नियम तुम्ही अंगणात बसून पाहिलाय.

आणि उचलून सोडलेला तिथे राहतो का? २००९ मध्ये पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरला विहिरीतून एक म्हातारा नर काढला, त्याला अभ्यासकांनी आजोबा नाव दिलं, गळ्यात जीपीएस कॉलर घातली आणि माळशेज घाटात सोडला. तो चालत चालत, शेतांतून, वस्त्यांच्या कडेने, सुमारे १२० किलोमीटर जाऊन मुंबईच्या संजय गांधी उद्यानात पोचला, आणि वाटेत कोणालाही इजा केली नाही. २०११ मध्ये तो हायवेवर गाडीखाली गेला. लांब जंगलात सोडा म्हणजे काय, तर त्याच्या वाटेत येणाऱ्या प्रत्येक गावाच्या दारात सोडा.

आता आकडा मुळात इतका का? तुमच्या शेजारच्या अकोले तालुक्यातल्या शेतीच्या पट्ट्यात, जिथे जंगल नाही, चौरस किलोमीटरला ३०० च्या वर माणसं राहतात, तिथे कॅमेरे लावून मोजलं तर १०० चौरस किलोमीटरला साधारण ५ मोठे बिबटे निघाले. चांगल्या जंगलात असतात तितके. विष्ठा तपासून बघितलं तर त्यांच्या खाण्यात वजनाने ८७ टक्के पाळीव आणि गावातली जनावरं, त्यातही सगळ्यात जास्त कुत्री, ३९ टक्के. ऊस हे त्याचं घर झालंय, पण त्याचं पोट वस्तीवर भरतंय. एखाद्या जागेत किती प्राणी टिकू शकतात याला धारणक्षमता म्हणतात, आणि तुमच्या भागाची धारणक्षमता कुकडीच्या पाण्याने, अठरा महिने उभ्या राहणाऱ्या अडसाली उसाने, उघड्या गोठ्यांनी, मोकाट कुत्र्यांनी आणि रस्त्याकडेला फेकलेल्या मेलेल्या कोंबड्यांनी ठरवलीय. ती खाली आणली तरच आकडा खाली येतो, आणि येतो तो हळूहळू.

नसबंदीचं विचारणारी पण तीन पत्रं आलीत तुमच्याच भागातून. नसबंदीने फक्त जन्म थांबतो. जी मादी आज फडात आहे ती पुढची कित्येक वर्षं तिथेच राहणार, तेवढंच खाणार, आणि बाजूच्या तालुक्यातून येणारे येतच राहणार. त्यामुळे फार मोठ्या भागात, बहुतेक माद्यांची, वर्षानुवर्षं केली तर फरक दिसेल, पुढच्या हंगामात दिसेल असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. जो बिबट्या खरोखर माणसांवर जातोय तो पकडलाच पाहिजे आणि परत सोडू नये, याबद्दल माझं दुमत नाही.

मी एकदा नारायणगावच्या बाजूला ऊसतोडीच्या वेळी होते. टोळी पहाटेपासून लागलेली, दहाच्या सुमाराला एक बाई कोयता टाकून मागे सरली, पाचटात तीन बछडे, डोळे जेमतेम उघडलेले. मुकादमाने तोड थांबवली, बछडे टोमॅटोच्या कॅरेटमध्ये ठेवले, आणि फडातला शेवटचा पट्टा तसाच उभा सोडला. रात्री लांबून कॅमेऱ्यात बघत होतो, साडेआठला मादी आली, कॅरेट पाडलं, एक तोंडात धरून गेली, वीस मिनिटांनी परत आली, मग तिसऱ्यांदा. शेतमालक माझ्या शेजारी उभा होता, त्याची एक कालवड महिन्यापूर्वी गेली होती, तरी तो शेवटचं पिल्लू जाईपर्यंत हलला नाही. पिल्लं उचलून नेली असती तर ती मादी आठ-दहा दिवस त्या वस्तीभोवती चवताळून फिरली असती, हे त्याला कोणी शिकवायची गरज नव्हती.

बंदिस्त गोठा, वरून जाळी, हे खर्चिक आहे आणि त्याला मदत मिळाली पाहिजे. त्याहून मोठी मागणी म्हणजे शेतीला दिवसा वीज. रात्री दोनला पाणी द्यायला वाकून बांधावर बसलेलं माणूस बिबट्याच्या नजरेला माणूस वाटत नाही. तुम्ही या मागणीवर जेवढा जोर लावाल तेवढी माणसं वाचतील असं मला मनापासून वाटतं.

लहानपणी आमच्या ढोरटाकीवर पन्नास-साठ गिधाडं बसायची. आता एक दिसत नाही. औषधाने मेली म्हणतात, पण सगळ्याच ढोरांना थोडंच औषध दिलं होतं? मग सगळीच्या सगळी कशी गेली? (निवृत्त शिक्षक, महाड, जि. रायगड)

गुरुजी, हा प्रश्न शास्त्रज्ञांनाही पडला होता आणि उत्तर ऐकून तेही हादरले होते. डायक्लोफेनॅक नावाचं दुखण्यावरचं औषध, १९९० च्या दशकात स्वस्त झालं आणि जनावरांना सर्रास देऊ लागले. ते औषध अंगात असताना जनावर मेलं आणि गिधाडाने खाल्लं की गिधाडाची किडनी बंद पडते. २००४ मध्ये लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांनी पाकिस्तानातल्या गिधाडांवर काम करून हे सिद्ध केलं. आणि हिशोब असा निघाला की दर हजारात सात-आठ मढ्यांत, किंवा त्याहूनही कमी मढ्यांत, जीव घेण्याइतकं औषध असलं तरी एवढी घट होऊ शकते.

कागद घ्या. धरून चला की दर २०० मढ्यांत एकच विषारी. गिधाड साधारण तीन दिवसांनी एकदा पोटभर खातं, म्हणजे वर्षाला १२० जेवणं. प्रत्येक जेवणाला वाचण्याची शक्यता २०० पैकी १९९, वाटते भरपूर, पण ती १२० वेळा एकमेकीने गुणा, वर्षाच्या शेवटी १०० गिधाडांतली ५५ उरतात. पुढच्या वर्षी तीस. त्याच्या पुढच्या वर्षी सोळा-सतरा. एका मढ्यावर अख्खा थवा बसतो हे तुम्ही पाहिलंय, त्यामुळे एक विषारी म्हैस एकाच दुपारी किती घेऊन जात असेल याचा विचार करा.

दुसऱ्या बाजूला भरती किती? जोडी वर्षाला एकच अंडं घालते, पिल्लू वयात यायला पाच वर्षं लागतात. गिधाडाचं सगळं जगणंच या भरवशावर बेतलेलं आहे की मोठं झालेलं गिधाड सहजासहजी मरत नाही. उंदीर निम्मे मेले तर दोन पावसाळ्यांत भरून निघतात, गिधाडांचं तसं नाही, त्यांच्यात जन्माचा आकडा वाढवायला जागाच नाही. १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीची गिधाडं भारतात ९९.९ टक्क्यांनी घटली, म्हणजे हजारात एक राहिलं. भरतपूरला पक्षी-अभ्यासक विभू प्रकाशांना ही घट आधी दिसली नसती तर कदाचित तेही राहिलं नसतं.

२००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आली. मग माणसांची मोठी बाटली गुरांना टोचायला लागले, म्हणून २०१५ मध्ये ती बाटली ३ मिलीपुरती मर्यादित केली, २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि असिक्लोफेनॅकही जनावरांसाठी बंद झाली. मेलॉक्सिकॅम गिधाडांना चालतं. तुमच्या गावात पशुवैद्य आला की एवढंच विचारा, कुठलं देताय. तुमच्यापासून लांब नाही, म्हसळ्याजवळ चिरगावला लोकांनी गिधाडांची वसाहत सांभाळलीय, शक्य झालं तर जाऊन या. हिवाळ्यात उंच झाडाच्या शेंड्यावर काटक्यांचं मोठं घरटं आणि खाली खोडावर पांढरे ओघळ, तुम्हाला ओळख पटायला वेळ लागणार नाही.

मी अकरावीला जीवशास्त्र शिकवतो. पुस्तकात लोकसंख्यावाढीचा एस आकाराचा वक्र आहे, आधी हळू, मग जोरात, मग धारणक्षमतेला सपाट. मुलं विचारतात, खरंच निसर्गात असं गुळगुळीत होतं का? (शिक्षक, लातूर)

प्रयोगशाळेत यीस्टचं बऱ्यापैकी होतं. बाहेर फार क्वचित. बेल्जियमच्या व्हेरहुल्स्टने या वक्राचं समीकरण १८३८ मध्ये मांडलं, त्यात एक गोष्ट गृहीत आहे की गर्दी वाढली की त्याचा परिणाम ताबडतोब जाणवतो. तसं होत नाही, परिणाम उशिरा पोचतो. मुलांना सेंट मॅथ्यू बेटाची गोष्ट सांगा. अलास्काच्या पश्चिमेला बेरिंग समुद्रात हे ओसाड बेट, १९४४ मध्ये अमेरिकन तटरक्षक दलाने तिथे २९ रेनडियर सोडले, म्हणजे अडचणीच्या वेळी माणसांना मांस मिळेल. युद्ध संपलं, माणसं गेली, रेनडियर राहिले. शिकारी कोणी नाही, आणि जमिनीवर शतकानुशतकं साठलेला दगडफुलासारख्या लायकेनचा जाड थर. १९५७ ला १,३५० झाले, १९६३ ला ६,०००. डेव्हिड क्लाइन हे शास्त्रज्ञ तेव्हा गेले तर जनावरं हडकलेली आणि लायकेन संपलेलं. त्या हिवाळ्यात प्रचंड बर्फ पडलं. १९६६ ला परत मोजले तर ४२ उरले होते, जवळजवळ सगळ्या माद्या, एकच नर आणि तोही धड नाही, नवीन पिल्लू एकही नाही. पुढे तेही संपले.

लायकेन वर्षाला काही मिलिमीटर वाढतं, त्यामुळे रेनडियर व्याज सोडून मुद्दल खात होते, आणि मुद्दल खाताना काही वर्षं घरात सुबत्ताच दिसते. फळ्यावर एस काढा, शेजारी हे शिखर आणि कडा काढा, आणि मुलांनाच विचारा फरक कशाने पडला. अन्न परत किती वेगाने उगवतं, हे उत्तर त्यांच्यातलं कोणीतरी नक्की देईल.

दर वर्षी आम्ही किनाऱ्यावर कासवांची अंडी राखतो, पिल्लं समुद्रात सोडतो. मग कोणीतरी येऊन सांगतं हजारातलं एकच जगतं. ऐकून हातपाय गळतात. उपयोग आहे का याचा? (तरुण कार्यकर्ता, दापोली तालुका)

उपयोग आहे, आणि हातपाय गाळू नकोस. हजारातलं एक हे संकट नाही, तो कासवाचा मूळ हिशोबच आहे. ऑलिव्ह रिडलेची मादी एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी घालते, आयुष्यभरात धर दोन हजार. संख्या स्थिर राहायला त्यातली फक्त दोन मोठी व्हायला हवीत, एक तिच्या जागी आणि एक नराच्या जागी. दोन हजारात दोन म्हणजे हजारात एक. सगळीच जगली असती तर अरबी समुद्रात होडी घालायला जागा उरली नसती.

अडचण कुठे होते ते बघ. अंडी चोरली जायची, कुत्री-कोल्हे उकरायचे, तेव्हा हजारातलं एक सुद्धा समुद्रापर्यंत पोचत नव्हतं. २००२ मध्ये वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रने गावकऱ्यांबरोबर काम सुरू केलं आणि तिथून किनाऱ्यावरचं चित्र पालटलं. पण हिशोबाची दुसरी बाजू समुद्रात आहे. १९८७ मध्ये अमेरिकेत लॉगरहेड कासवांवर एक हिशोब केला, त्यात निघालं की सगळीच्या सगळी अंडी वाचवली तरी घट थांबत नाही, आणि जाळ्यात अडकणारी मोठी व मोठी होत आलेली कासवं वाचवली तर संख्या सावरते. त्यामुळे ट्रॉलरच्या जाळ्यांना कासव बाहेर पडायची खिडकी बसवायच्या आग्रहाला बळ मिळालं. कारण साधं आहे, दहा-पंधरा वर्षं सगळ्या धोक्यांतून वाचलेली एक मादी म्हणजे हजारो अंड्यांचं भांडवल, ती जाळ्यात गुदमरून मेली तर तुझ्या किती वर्षांच्या रात्री गेल्या ते बघ. जाळं कापून कासव सोडणाऱ्या मच्छीमाराला २०१८ पासून आपल्याकडे २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते, ही गोष्ट बंदरावरच्या प्रत्येक खलाशाला माहीत आहे का ते तू आणि तुझे मित्र या वर्षी फिरून विचारा.

अजून एक, अंडी उबवायला हलवता तेव्हा वाळूचं तापमान लिहून ठेवत जा. कासवाचं नर की मादी हे वाळूच्या उबेवर ठरतं, गरम वाळूत माद्या जास्त होतात. बांबू-जाळीच्या कुंपणावर थोडी सावली करायची की नाही हे त्या वहीवरूनच कळेल.

नान्नजला माळढोक परत दिसतील का हो? (सोलापूर)

खोटं आश्वासन देववत नाही. देशात मोकळ्यावर सगळे मिळून दीडशेच्या आसपास राहिलेत, बहुतेक जैसलमेरच्या बाजूला. काही प्राण्यांची संख्या एका मर्यादेखाली गेली की अन्न-जागा असून पण ती वाढत नाही, कारण जोडीदारच भेटत नाही, नर गळ्याची पिशवी फुगवून माळावर उभा राहतो आणि बघायला मादी नसते. मादी घालते एकच अंडं, ते पण उघड्या जमिनीवर. जैसलमेरच्या प्रजनन केंद्रात २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून पहिलं पिल्लू झालं, ती आशा आहे. पण ते पक्षी उद्या आणायचे म्हटले तर उतरायला गवताळ माळ लागेल, विजेच्या तारा नसलेलं आकाश लागेल. माळरानाला पडीक म्हणणं आपण आधी बंद करूया. नान्नजचा माळ राखा, तिथे आज धाविक पक्षी आहे, काळवीट आहे, लांडगा आहे, त्यांच्यासाठी तरी.

मी बारावीत आहे. मला पॉप्युलेशन इकॉलॉजी, म्हणजे प्राण्यांची संख्या कशी बदलते ते शास्त्र, शिकायचंय, पण आमच्या गावात जंगल नाही, कॅमेरा ट्रॅप नाही, काहीच नाही. सुरुवात कुठून करू? (विद्यार्थिनी, फलटण तालुका)

तुझ्या गावात विहीर आहे का, आणि विहिरीवर झुकलेली बाभूळ? असली तर तिथे सुगरणींची घरटी असतील, आणि मग तुझ्याकडे सगळं आहे.

पावसाळा लागला की नर येतात, उसाच्या नाहीतर गवताच्या पात्याच्या कडेला चोचीने चीर पाडून लांब धागा ओढून काढतात आणि विणायला बसतात. घरटं अर्धं झालं, हेल्मेटसारखं दिसायला लागलं, की नर थांबतो आणि खाली लोंबकळून पंख फडफडवतो. मादी येते, आत जाऊन बसते, धागे ओढून बघते, नाही आवडलं तर निघून जाते आणि ते घरटं तसंच अर्धवट राहतं. आवडलं तर नर पुढे खालची नळी विणतो आणि लगेच दुसरीकडे दुसरं घरटं सुरू करतो. म्हणजे झाडावर ३० घरटी दिसली तर ३० जोड्या आहेत असं अजिबात नाही. हे पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं तर वाघाच्या आकड्याबद्दल वर जे लिहिलंय ते तुला आतून समजेल.

दोनशे पानी वही घे. पहिल्या पानावर झाडाचं चित्र काढ, फांद्या मोठ्या काढ, आणि प्रत्येक घरट्याला नंबर दे. दर रविवारी सकाळी एकाच वेळी, एकाच दगडावर बसून एक तास बघ, हात लावायचा नाही, झाडाजवळ जायचं नाही. प्रत्येक नंबरापुढे लिही: अर्धं की नळीचं, मादी आत गेली का, चोचीत किडा घेऊन गेली का, कारण किडा म्हणजे आत पिल्लं. एखाद्या रविवारी नंबर १४ खाली पडलेलं सापडेल, तर आदल्या दिवशी वारा किती होता, कावळा बसला होता का, ते लिही. जन्म, मरण, येणं, जाणं, चारही गोष्टी त्या एका झाडावर तुला दिसतील. मग दुसऱ्या विहिरीवर जा जिथे झाड आहे पण घरटी नाहीत, आणि का नाहीत याची यादी कर, पाणी आटलंय का, आजूबाजूला पात्याचं पीक आहे का, फांदी पाण्यावर येते का.

आजीला नाहीतर गावातल्या कोणा म्हाताऱ्या माणसाला विचार की पूर्वी कुठल्या कुठल्या विहिरीवर घरटी असायची, आणि ती नावंही वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेव, त्यातल्या किती विहिरी आज बुजवल्यात त्यासकट. ऑक्टोबरमध्ये पक्षी गेले की वही मला पाठव, मी पान न् पान वाचेन.